एक सूत सरकवलेलं भोक

आमच्या माजघरातल्या एका खांबाला खांद्याच्या उंचीवर एक चौकोनी भोक आहे. दोन बोटं रुंद, वीतभर उंच, चार बोटं खोल. काकी त्यात आगपेटी ठेवते. तिच्या आधी आजी ठेवायची. लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की दिवेलागणीला "जा गो, आगपेटी हाड" अशी हाक यायची आणि माझा हात अंधारातसुद्धा बरोबर त्या भोकात जायचा. ते तिथे मुळात कशासाठी आहे, हा प्रश्न मला वयाच्या 47व्या वर्षापर्यंत पडला नाही.

घर कुडाळ तालुक्यात. जांभ्याचं जोतं, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. काकी एकटीच राहते, आम्ही ठाण्याहून सणावाराला जातो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत माजघरात चार ठिकाणी बादल्या लावाव्या लागल्या. काकी म्हणाली, माकडांनी कौलं फोडली असतील. वर चढून बघितलं तर फुटलेली कौलं जेमतेम पाच. पण मागचं पाखं, म्हणजे छपराचा मागचा उतार, मधोमध बसलं होतं, जुन्या खाटेच्या सुंभासारखं. कौलाला कौल जिथे चढतं तिथली फट उघडली होती आणि पाणी तिथून आत येत होतं.

पहिला माणूस बोलावला तो लोखंडी कामाचा ठेकेदार. त्याने लेझरच्या यंत्राने दोन मिनिटांत माप घेतलं आणि दहा दिवसांत लोखंडी कैच्या, म्हणजे छपराखालचे त्रिकोणी सांगाडे, उभ्या करून देतो म्हणाला. वर हवी तर तीच कौलं, नाहीतर पत्रा. त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांवर आता तसंच छप्पर आहे आणि कुणाचं गळत नाही. मी जवळपास हो म्हणाले होते. काकीने आतून ओरडून सांगितलं, "पत्र्याखाली मी झोपूचंय नाय." तिला कौलांचा पर्याय ऐकूच गेला नव्हता. तरी त्या एका वाक्यावर मी आणखी चार दिवस थांबले, आणि त्या चार दिवसांत मेस्त्री आले.

मेस्त्री म्हणजे सुतार, सत्तरीच्या घरातले. बरोबर मुलगा. हातात लाकूड तासायची वाकस, खांद्यावर पिशवी, पिशवीत जाड दाभण आणि दोरी. तास-दीड तास त्यांनी काही बोलायचं नाव घेतलं नाही. प्रत्येक खांबावर आणि हाताला लागेल त्या प्रत्येक वाशावर वाकशीच्या पाठीने ठोकत गेले. चांगलं लाकूड टणत्कार देतं, आतून वाळवीने खाल्लेलं पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं वाजतं. तिसऱ्या खांबाशी ते खाली बसले आणि जमिनीलगत दाभण खुपसलं. ते मुठीपर्यंत आत गेलं.

"हो खांब मेलो," मेस्त्री म्हणाले. मग उठून छातीच्या उंचीवर ठोकलं. टण्. "पण वयलो जितो आसा."

छप्पर का बसलं याचं उत्तर असं छपरात नव्हतंच, पायात होतं. आमच्या घराचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत. प्रत्येक खांबाखाली काळ्या दगडाचं उथळं आहे, जमिनीपासून चार बोटं वर आलेलं, म्हणजे सारवणाचं पाणी लाकडाला लागू नये. 1986 साली आमच्या वडिलांनी आणि काकांनी मिळून घराची "दुरुस्ती" केली. शेणाची जमीन काढून कोबा घातला, आणि गवंड्याने तो नीटनेटका दिसावा म्हणून उथळी बुडवून थेट खांबांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट चढवलं. सगळ्यांना ते फार आवडलं होतं, फोटोसुद्धा आहेत. पण जमिनीतली ओल दगडापाशी थांबायची ती आता सिमेंटमधून सरळ लाकडात चढू लागली आणि तिथेच कोंडून राहिली. तीस-पस्तीस वर्षांत खांबाचा पाय कुजून दोन इंच खाली बसला, त्यावरची तुळई तिरकी झाली आणि तिच्यामागून पाखं गेलं.

नव्या तुळईला लाकूड म्हटलं की पहिला विचार आपल्या जमिनीतला. घरामागे एक फणस होता, वाकलेला, बुंधा चांगला जाड. फणसाचं लाकूड कोकणात घराला वापरतात, पिवळं धमक असतं, जुनं झालं की तांबूस होतं. पण स्वतःच्या आवारातला फणसही मनात आलं म्हणून पाडता येत नाही. साग, आंबा, ऐन, किंजळ यांच्यासारखा तोही 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे. अर्ज, सातबारा, पाहणी, पंचनामा. एका टेबलावर आमच्या अर्जाचं दुसरं पान गहाळ झालं आणि मला ठाण्याहून परत यावं लागलं. जास्त लिहीत नाही, दोन महिन्यांत परवानगी आली हे चांगलंच म्हणायचं. मेस्त्रींनी झाड अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात पाडायला लावलं. अंधाऱ्या पंधरवड्यात पाडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही म्हणे. मला हे पटलेलं नाही, पण तेवढ्यावरून मेस्त्रींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

गिरणीत ओंडका चिरला तेव्हा करवतीबरोबर पाणी उडालं. सहा इंच बाय दहा इंचाचा पिवळाजर्द नाट निघाला. मी त्यावर हात फिरवत म्हटलं, "मस्त तुळई होईल."

"ह्यां लाकूड नाय, अजून झाडच आसा," मेस्त्री म्हणाले.

हवेवर वाळायला लाकडाला इंचामागे साधारण वर्ष धरतात. सहा इंचाच्या नाटाचा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला आणि माझा चेहरा पडला. ओलं लाकूड वापरलंच तर काय होतं तेही मेस्त्रींनी गिरणीतल्या भुशात काडीने रेघा ओढून दाखवलं. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, आटतं ते रुंदीत आणि जाडीत. म्हणजे आज एका लाकडाच्या खोबणीत ठोकून घट्ट बसवलेलं दुसऱ्याचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, दोन उन्हाळ्यांनी बारीक होतं आणि खुळखुळू लागतं. खिळ्याच्या कामात हे लपतं, सांध्याच्या कामात नाही.

फणसाचे नाट आणि फळ्या मग गोठ्यात थप्पी लावून ठेवल्या. दोन थरांमध्ये पट्ट्या, वारा खेळायला. टोकांना शेणाचा जाड लेप, कारण टोकं बाकीच्या लाकडाआधी वाळतात आणि फाटतात. आणि मी मुंबईत रे रोडच्या लाकूडबाजारात जाऊन उभी राहिले.

तिथे पाडलेल्या चाळींचं लाकूड मिळतं. तुळया, कड्या, जिन्याच्या पायऱ्या, कठडे, दारांच्या चौकटी, सगळं ढिगाने. बरंचसं ब्रह्मी साग, शंभर-शंभर वर्षं छपराखाली वाळलेलं. मेस्त्रींना व्हिडिओ कॉलवर घेऊन मी ढिगामधून फिरत होते आणि ते पलीकडून ओरडत होते, "टोक दाखव. टोक. बाजू नको." टोकावर वर्तुळं दिसतात, चीर आतपर्यंत गेली आहे की वरवर आहे ते कळतं. शेवटी 16 फुटांची एक तुळई ठरली, सहा बाय दहाच, गिरगावातल्या कुठल्याशा चाळीतली. एका अंगाला दर सव्वा फुटावर कड्या बसवायच्या उथळ खाचा होत्या. मला ते खोट वाटलं, मी भाव पाडायला बघत होते. मेस्त्रींनी खाचांची खोली विचारली, दीड इंच ऐकल्यावर म्हणाले, घे. खाचा वरच्या अंगाला ठेवू. तुळईवर भार आला की तिचं वरचं अंग दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं. खालच्या अंगाला मधोमध खाच असेल तर चीर तिथूनच सुरू होते. वरची खाच त्यामानाने सोसवते.

आमचे आजोबा गिरगावातल्या चाळीत राहून कापडगिरणीत जायचे. तीच चाळ असण्याची शक्यता शून्य. तरी टेम्पो कुडाळकडे निघाला तेव्हा मला उगीचच बरं वाटलं.

जानेवारीत छप्पर उतरवलं. पंधराशेच्या आसपास कौलं, एक अडीच किलोचं, म्हणजे पावणेचार टन वजन सुक्या कौलांचंच. पावसात ती पाणी पितात ते वेगळं. वाडीतल्या बायकापुरुषांनी साखळी करून एका दिवसात ती खाली आणली. दोन-चार कौलांवर बासेल मिशनचा छाप निघाला. मंगळुरात या ख्रिस्ती मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि मग ती गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी कोकणात कुंभाराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं असायची. आमच्या वाशांनी हेही लक्षात ठेवलं होतं: मंगलोरी कौलांच्या रिपा, म्हणजे आडव्या पट्ट्या, सारख्या अंतरावर ठोकलेल्या, आणि त्यांच्या अधेमधे, नळ्यांखालचे जुने बांबू बांधलेल्या काथ्याने पाडलेल्या घळी.

कौलं आणि रिपा गेल्यावर घराचा सांगाडा पहिल्यांदा दिसला. खांब, खांबांवर तुळया, तुळईच्या मध्यावर उभा आखूड खांब, त्यावर आढं, आढ्यापासून दोन्हीकडे उतरणारे वासे. भिंती यात कुठेच नाहीत. त्या खांबांच्या मधल्या जागा भरतात, छप्पर त्यांच्यावर नाही. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993, तेव्हा मी कॉलेजात होते. जाड दगडी भिंती कोसळल्या पण काही घरांत आतले लाकडी खण उभे राहिले आणि त्याखालची माणसं वाचली, असं तेव्हा ऐकलं होतं. ते म्हणजे नेमकं काय, ते मला आमच्याच घराचा सांगाडा बघून कळलं.

आता उलगडायचं काम. इथे दोन प्रकारचे सांधे निघाले आणि त्यांच्यातला फरक मी विसरणार नाही. 1986 च्या दुरुस्तीत सैल झालेल्या जागी सहा इंची खिळे मारले होते. ते काढताना पहार लागली, लाकूड फाटलं, एक वासा कायमचा गेला. प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढा काळा डाग आणि डागातलं लाकूड चुरा. ऐन, किंजळ, साग यांच्यात तुरट अंश असतो, ओल मिळाली की लोखंडाशी त्याचं होतं ते हे. हिरडा आणि हिराकस उकळून पूर्वी शाई करत, तीच ही शाई, फक्त आमच्या वाशात मुरलेली. लाकूड लोखंड खातं आणि लोखंड लाकूड.

जुने सांधे मात्र मेस्त्रींच्या मुलाने लाकडी हातोड्याने उलट्या बाजूने चार टोले घालून खुंटी बाहेर काढली की सुटत होते. तुळई उचलली, खाली खांबाच्या डोक्यावर कुसू उभं, धारदार, जणू गेल्या वर्षी कापलेलं. खुंट्या काढून त्याने पत्र्याच्या डब्यात जमवल्या. बहुतेक पुन्हा वापरता येण्यासारख्या.

आणि खुणा. प्रत्येक कुसवाच्या बुडाशी पटाशीने मारलेल्या बारीक रेघा: एक, दोन, तीन, चार. पुढच्या ओळीतल्या खांबांना उभ्या, मागच्या ओळीला आडव्या. तुळईच्या खोबणीशेजारीही तीच खूण. म्हणजे तीन आडव्यांचं कुसू तीन आडव्यांच्या खोबणीत. मी म्हटलं, सुताराने गोंधळ होऊ नये म्हणून केल्या असतील. मेस्त्रींनी मान हलवली. इथल्या इथे बनवून इथेच उभं करायचं तर एवढ्या खुणा लागत नाहीत. काही जागी रेघांवर रेघा आहेत, जुनी खूण तासून नवी मारलेली. मग त्यांनी मला आगपेटीच्या खांबाकडे नेलं आणि भोकात बोट घालून आतून फिरवलं.

"हयसर आडी होती."

भोकाच्या आत वरच्या कडेला लाकूड दाबून गुळगुळीत झालेलं होतं, तिथे कधीतरी एक आडवं लाकूड कुसवाने बसलं होतं. आरपार, त्याच रेषेत, खांबाच्या बाजूला खुंटीचं छोटं गोल भोकही सापडलं. आत मेण आणि धूळ भरलेली. पण आमच्या माजघरात त्या उंचीला आडी असण्याचं काही कारण नाही, समोरच्या खांबाला जोडीची खोबणही नाही. हा खांब आधी दुसऱ्या घरात उभा होता.

काकीला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, हो, घर खालच्या वाडीतून आणलेलं. नदीला पाणी चढायचं म्हणून. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासऱ्यांनी घर सोडवून खांद्यावरून वर आणलं. मी म्हटलं, हे इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही? "तू विचारलंस खय?"

सांधा सुटतो म्हणून ते घर वर येऊ शकलं. खिळ्यांनी केलेलं घर खालच्याच वाडीत राहिलं असतं.

पुढचे सहा आठवडे अंगणात काम चाललं. मी सुट्टी आणि घरून काम असं जमवून त्यातले बरेच दिवस तिथे होते. मेलेल्या खांबाचा खालचा अडीच फूट भाग कापून तिथे वाळलेल्या ऐनाचा तुकडा जोडायचा होता. दोन्ही टोकं निम्म्या जाडीपर्यंत कापून एकमेकांवर बसवायची, प्रत्येकाच्या टोकाला बोटभर जीभ आणि समोर तिच्यासाठी खाच, म्हणजे बाजूला सरकायला नको. मध्यभागी छोटं चौकोनी भोक सोडलं होतं. त्यात दोन पाचरी समोरासमोरून ठोकल्या की दोन्ही तुकडे लांबीत एकमेकांवर आवळले जातात. पाचरी आत गेल्या तशी सांध्याची रेघ पातळ होत होत केसाएवढी झाली. हे मी नुसतं उभं राहून बघत होते आणि चहा निवून गेला.

मग मला वाटलं आपणही एक खोबण खणावी. मेस्त्रींनी नाही म्हटलं नाही. मोडीत निघालेल्या वाशाचा एक तुकडा दिला, काटकोन बघायचा गुण्या लावून आखून दिला. खोबण लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे दोन्ही बाजूंना तेवढंच लाकूड उरतं. कुसूही तेवढंच, म्हणजे दोघांपैकी कोणी दुबळं पडत नाही. गिरमिटाने ओळीने भोकं पाडायची, मधलं लाकूड पटाशीने काढायचं. ऐकायला सोपं. भोकं पाडण्यात दुपार गेली. नंतर पटाशी अडकली की मी ती कडेवर टेकवून उचकायची, तुकडा निघायचा पण खोबणीची कड चेपायची.

"उचकटू नको गो. काप."

कापायचं म्हणजे रेघेपासून सूतभर आत उभी पटाशी, तिची सपाट बाजू रेघेकडे, हलके टोले, मग उलटी करून तुकडा सोडवायचा, आणि रेघेवर अगदी शेवटी यायचं. संध्याकाळपर्यंत माझी खोबण झाली. मेस्त्रींनी त्यात गुण्या उभा केला. वरून सरळ दिसणारी माझी भिंत आत पोटासारखी फुगलेली होती. खोबणीला पोट असलं की कुसू तोंडाशी घट्ट लागतं, माणसाला वाटतं बसलं, आणि आत पोकळ राहतं. त्यांनी काही म्हटलं नाही, मुलाने मात्र तो तुकडा दुसऱ्या दिवशी चुलीजवळ ठेवलेला मी पाहिला.

मला सगळ्यात आवडलं ते खुंटीचं गणित. माझी समजूत अशी की सांधा जुळवायचा, दोन्हीतून आरपार भोक पाडायचं, खुंटी ठोकायची. मेस्त्री तसं करत नाहीत. आधी खोबणीच्या दोन्ही गालांतून भोक पाडतात. मग कुसू आत घालून त्याच भोकातून गिरमिटाच्या टोकाने कुसवावर खूण करतात. कुसू बाहेर काढतात. आणि कुसवातलं भोक त्या खुणेवर पाडत नाहीत, खुणेपासून एक सूत खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या कडेच्या, दिशेने सरकवून पाडतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुसू परत आत घातलं की तिन्ही भोकं एका ओळीत नसतात, डोळा लावला तर पलीकडचा उजेड चंद्रकोरीसारखा दिसतो. निमुळती खुंटी त्यातून ठोकली की ती सरळ जायला बघते आणि जाताना कुसवाला आत खेचते. खांदा तुळईला जाऊन भिडतो. नंतर लाकूड थोडं आटलं तरी खुंटी ओढ धरून राहते.

सूत म्हणजे सूतच. मुलाने एका ठिकाणी दोन सूत सरकवलं. खुंटी अर्ध्यात मोडली, आणि ती काढायला दोन तास गेले.

खुंट्याही करवतीने कापायच्या नाहीत. मोडलेल्या किंजळीच्या वाशाचे वीतभर तुकडे उभे ठेवून कोयत्याने फोडायचे, म्हणजे लाकडाची नस खुंटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते. मग तासून अष्टकोनी. अगदी गोल केली तर भोकात धरत नाही म्हणे. जुना वासा अशासाठी की खुंटी सांध्यापेक्षा वाळलेली हवी. ओली खुंटी आटून स्वतःच सैल होते.

मधे माझा मावसभाऊ येऊन गेला. तो इंजिनिअर. त्याने सांगाडा बघून विचारलं, तुळईच्या मध्यावर खांब उभा करून आढ्याचा सगळा भार तुळईच्या पोटावर का देता, कैची करा. मेस्त्रींनी तालुक्यातल्या शाळांवर कैच्या केलेल्या आहेत, त्यांना दोन्ही ठाऊक. पण फरक मला कळेना. कैचीतही मध्ये खांब असतोच की. मेस्त्रींनी सांगितलं, कैचीतल्या मधल्या खांबाखाली करवत घाल, करवत अडकायची नाही. तो खांब उभा नसतोच, वर दोन तिरक्या लाकडांमध्ये अडकून लटकत असतो आणि खालची तुळई त्याला टांगलेली असते. आमच्या खांबाखाली करवत घातली तर ती चेपली जाईल. आमच्या खांबाला खाली नुसतं कुसू पुरतं, जागेवरून सरकू नये एवढ्यासाठी. कैचीतल्याला खाली पारव्याच्या शेपटीसारखं पसरट कुसू नाहीतर लोखंडी पट्टी हवी, नाहीतर तुळई सुटून खाली येईल. दिसायला दोन्ही सारखेच. भावाने मग अंगणातच बसून हिशेब केला आणि सहा बाय दहाचा साग दोन खांबांमधल्या बारा फुटांच्या गाळ्याला भरपूर आहे असं म्हणाला. जुनी पद्धत राहिली.

लोखंडाचं मेस्त्रींना वावडं होतं असं मात्र नाही. मागच्या अंगाला दोन तुळयांची टोकं 1986 मध्ये पन्हळ बसवायला चार-चार इंच छाटली होती. तिरका वासा जिथे तुळईच्या खाचेत टेकतो तिथे तो बाहेरच्या दिशेला रेटत असतो आणि तो रेटा खाचेपुढच्या लाकडावर येतो. पुढे वीतभर लाकूड हवं, उरलं होतं चार बोटं. एका तुळईचं ते टोक फळीसारखं सुटून आलं होतं. तिथे मेस्त्रींनी सरळ लोहाराकडून पट्टी करून आणली, रंग दिला, बोल्ट लावले. काळ्या, जीर्ण सांगाड्यावर ती निळी पट्टी मला खटकली. मी काहीतरी लाकडीच करता येईल का विचारलं. "शोभेक नाय बसवलंय," एवढंच उत्तर.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सांगाडा परत उभा केला. त्याआधी कोबा फोडून सगळी उथळी मोकळी केली आणि लाकडाच्या प्रत्येक टोकाला काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. माझ्या मनगटावर एक थेंब उडाला, त्याचा डाग महिनाभर होता. नारळ फोडला, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. गिरगावची तुळई वाळलेली असूनही सव्वाशे किलोच्या घरात, तिला दोरांनी आणि बांबूच्या शिड्यांवरून बारा जणांनी वर नेलं. दोन्ही टोकं एकदम उतरवायची होती. एक टोक कुसवावर आलं, दुसरं बोटभर बाहेर. मेस्त्री खालून ओळंबा धरून बघत होते. त्यांनी मुलाला खूण केली, त्याने खांबाला बाजूने एक टोला दिला आणि तुळई दोन्हीकडे एकदम खाली बसली. त्याचा आवाज मोठा नव्हता. जड पाटा जमिनीवर ठेवावा तसा. बारा जणांनी एकदम श्वास सोडला तो मात्र ऐकू आला.

मेस्त्रींनी त्यांच्या खुणाही मारल्या. जुन्या तीन आडव्या रेघा नव्या तुळईवर उतरवल्या, चाळीच्या खाचांच्या शेजारी. आगपेटीच्या भोकात लाकूड भरून टाकू का, असं मुलाने विचारलं होतं. काकीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो विषय तिथेच संपला.

कामाचा शेवट माझ्या मते अर्धवट झाला. ठोकलेल्या खुंट्यांची शेपटं दीड-दोन इंच बाहेरच राहिली होती. मी म्हटलं, ही कापून सफाई करा ना. मेस्त्री म्हणाले, एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ दे. पावसात लाकूड फुगेल, थंडीत आटेल, मग मी येऊन प्रत्येक खुंटीला एकेक टोला देईन, आणि मग कापीन. शेपूटच नसेल तर टोला कुठे देणार? गणपतीला आलेल्या प्रत्येकाने मान वर करून विचारलं, सुतार काम टाकून पळाला काय? बादली मात्र एकही लागली नाही.

यंदा फेब्रुवारीत मेस्त्री शब्द दिल्याप्रमाणे आले. शिडी लावून वरच्या सगळ्या खुंट्यांना टोले दिले, काही पाव इंच आत गेल्या, काही हलल्याही नाहीत. मग छोटी करवत घेऊन शेपटं कापत माजघरात आले. तिथल्या खांबांच्या अंगाला, हाताला पोचतील अशा चार खुंट्या होत्या. एकीवर काकीची छत्री. दुसरीवर बाजाराची पिशवी. तिसरीवर कालनिर्णय, चौथीवर रेनकोट, फेब्रुवारीतसुद्धा.

मेस्त्रींनी करवत खाली केली. काकी रांधपातून हात पुसत आली.

"दोन तरी रवांदेत," ती म्हणाली. आणि मग जरा विचार करून, "चारय रवांदेत."